मेहबूब पेंटरचं नवं सॉफ्टवेअर

मेहबूब पेंटरनं ब्रश सोडला त्याला वीस वर्षं झाली, तरी चिखलीत त्याला पेंटर म्हणायचं कुणी सोडलं नाही. बसस्टँडसमोर त्याचं छोटं दुकान. दुकानांचे बोर्ड, गाड्यांवरचं रेडियम, लग्नाच्या कमानींवरची नावं, शाळांचे लोगो, सगळं तो कॉम्प्युटरवर करायचा. आणि स्वतःचं सोडून बाकी कुणाचंही काम त्याच्या नजरेला चालत नसे. समोरच्या शेखरच्या फ्लेक्सकडे बघून तो रोज सकाळी एकदा तरी नाक मुरडायचा. "अक्षर आहे का हे? जणू कोणं चिखल फेकला भिंतीवर."

त्याची सगळी कला एका सीडीत होती. अकोल्याहून आणलेलं एक जुनं सॉफ्टवेअर. अक्षरं कमानीत वळवायची, त्यांना सावली द्यायची, सोनेरी मुलामा चढवायचा, हे सगळं त्यात बटणासरशी व्हायचं. यंदा मार्चमध्ये त्याचा जुना कॉम्प्युटर एकदाचा मेला. नवा आणला, तर त्याला सीडी घालायला जागाच नव्हती. त्याच्या मुलीनं, नाजिशनं, सीडीतलं सगळं कुठूनतरी पेनड्राइव्हवर उतरवून आणलं, पण नव्या कॉम्प्युटरनं ते उघडलंच नाही. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

नाजिश गावातल्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. ती म्हणाली, "अब्बा, दुसरं शोधू. ढिगानं आहेत."

"ढिगानं कचराच असते," मेहबूब म्हणाला.

पहिल्या सॉफ्टवेअरनं आधी नाव विचारलं, मग ईमेल, मग जन्मतारीख. "अक्षर काढायचं आहे का लग्न जमवायचं आहे?" म्हणून त्यानं ते बंदच केलं. दुसऱ्यात ‘श्री’ लिहिला, तर त्याचे चार तुकडे होऊन चार दिशांना उभे राहिले. ज्याला श्री काढता येत नाही त्याच्याशी बोलायचंसुद्धा नाही, असं मेहबूबचं मत होतं. तिसरं मोबाईलमधलं. त्यात नुसतं धंद्याचं नाव टाकलं की लोगो तयार. मेहबूबनं पिठाची गिरणी टाकली, तर त्यानं गव्हाची ओंबी, आचाऱ्याची टोपी आणि एक रॉकेट काढून दिलं.

"गिरणी आहे बे," मेहबूब मोबाईलवरच ओरडला, "चंद्रावर नाही चालली!"

रस्त्यापलीकडून शेखर हसला. "भाई, माह्ये सारे लोगो त्याच्यातच होतात. दोन मिनिटात. तुम्ही काऊन एवढा जीव काढून राह्यले?"

"दोन मिनिटात होतात ते दिसूनच राह्यलं," मेहबूब म्हणाला आणि आत वळला.

चौथं नाजिशनं स्वतः बसवून दिलं. ते फुकट होतं, म्हणून मेहबूबला आधीच त्याची किळस आली. फुकट कोण कशाला चांगली वस्तू देईल? आठ दिवस तो त्याला शिव्या घालत बसला. बटणांची नावं वेगळी, सावली भलत्याच मेनूत, कमान उलटीच पडायची. नवव्या दिवशी ‘श्री’ लिहिला. श्री सबंध, ठसठशीत उभा राहिला. मेहबूबनं त्यात खोट शोधली. सापडली नाही, तेव्हा त्याला आणखीच राग आला. "चालन," एवढंच तो नाजिशला म्हणाला.

त्याच आठवड्यात सुलभाताई आल्या. मराठीच्या निवृत्त शिक्षिका. आपल्या घराच्या पायऱ्यांवर त्यांनी मुलांसाठी पुस्तकं मांडायला सुरुवात केली होती आणि त्यांना त्यासाठी लोगो हवा होता. नाव: ‘पायऱ्यांवरचे वाचनालय’.

मेहबूबनं खुर्ची ओढून दिली आणि टाईप करू लागला. पहिला शब्द पडद्यावर आला तसा तो हसलाच.

"पाहा ताई. हे नवं सॉफ्टवेअर. श्री काढते, अन् याले साधा रफार देता येत नाही. ‘य’च्या बाजूले कायची तरी काडी चिकटवून ठेवली."

सुलभाताईंनी चष्मा वर केला. "मेहबूबभाई, ही काडीच बरोबर आहे. रफार ‘सूर्य’ला, ‘आचार्य’ला. ‘पायऱ्या’ला असाच ऱ्या."

"मंग मी इतके वर्ष काय काढून राह्यलो?"

"चूक," त्या सरळ म्हणाल्या. "गावात तुमचे बोर्ड वाचताना मला वाटायचं, तुम्हाला येतच नसेल. बोलून कशाला दुखवायचं, म्हणून गप्प बसले."

येत नसेल! मेहबूबनं पेन्सिल उचलली आणि समोरच्या पुठ्ठ्यावर एका फटक्यात ‘ऱ्या’ काढला. काडी, बाक, टोक, सगळं जागच्या जागी. उस्तादांनी बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं अक्षर होतं ते. ब्रशनं त्यानं ते शेकडो वेळा काढलं होतं. मग त्याला आठवलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे अक्षर नव्हतं. पहिले चार दिवस त्याला ती उणीव टोचली होती. पाचव्या दिवशी घाई होती, म्हणून त्यानं रफार ठोकून दिला. त्यानंतर टोचलंही नाही.

सुलभाताई गेल्यावर त्यानं दुकानाचं शटर ओढून घेतलं, स्कूटर काढली आणि गावभर स्वतःचेच बोर्ड वाचत फिरला. ‘दुसर्या मजल्यावर’. ‘सोयर्यांचे स्वागत’. ‘शेतकर्यांचे हक्काचे दुकान’. असे अकरा बोर्ड सापडले. प्रत्येकाखाली कोपऱ्यात त्यानंच मोठ्या ऐटीत टाकलेली सही होती. शेखरच्या अक्षराला तो ज्या शिव्या द्यायचा त्या सगळ्या त्यानं त्या दिवशी स्वतःला दिल्या, आणि त्याही त्याला कमी वाटल्या.

वाचनालयाचा लोगो झाला. सुलभाताईंना रंग भडक वाटला, तो त्यानं मुकाट्यानं उतरवला. मग त्याच नव्या सॉफ्टवेअरवर त्यानं अकरा शब्द नीट लिहून काढले, रेडियममध्ये कापले आणि शिडी घेऊन निघाला. दोन दुकानं बंद होऊन गेली होती. पाच जणांनी हात लावू दिला नाही. एकानं तर सांगितलं, बोर्ड बदलला की बरकत जाते. तिघांनी खांदे उडवून होकार दिला.

शेवटचं गोपालचं कृषी केंद्र.

"राहू द्या ना भाई," गोपाल काउंटरवरूनच म्हणाला. "बियाणं घेणारा माणूस काय व्याकरण पाह्यते?"

"नाही पाह्यत. म्हणूनच तर माह्यं इतके वर्ष चाललं."

गोपालनं हात हलवला, लावा तर लावा. मेहबूब शिडीवर चढला, जुना शब्द नखानं सोलून काढला, रॉकेलच्या फडक्यानं पत्रा पुसला आणि नवा शब्द तळहातानं दाबत बसवला. हवेचा एक बुडबुडा राहिला होता, तो सुईनं टोचून काढला.

गोपाल बाहेर येऊन मान वर करून पाहत राहिला. "काय फरक पडला? मले तर पयल्यासारखंच दिसून राह्यलं."

"तुले तसंच दिसन," मेहबूब शिडीवरूनच म्हणाला आणि खाली उतरू लागला.