बेतालच्या रकान्यातला बाप

"इथे जाळ करायचा? डोकं ठिकाणावर आहे का?" सर बाबांना म्हणाले.

चंद्रपूरच्या कॉलेजातली खोली. खिडक्या बंद, एसी सुरू. तबल्याच्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरला ताल ओळखायला शिकवायचं, हा सरांचा प्रकल्प. सम कुठे पडते, मात्रा कुठे, त्या खुणा मी करायचो. हा कान मला बाबांनी दिला. म्हणून मीच त्यांना सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यातून डफडं वाजवायला आणलं होतं.

आगीवर शेकल्याशिवाय डफड्याचं कातडं ताणलं जात नाही. बाबा हळूच म्हणाले, "बाबू, थंडं डफडं बोलत नाई. बाहेर तापवून आणू का?"

सर घड्याळ पाहत होते. मी म्हणालो, "वाजवा तसंच."

बाबांनी वाजवलं. थप. थप. सर हसले, मला इंग्रजीत म्हणाले, "बरं झालं. ताल काय नसतो, तेही मशीनला कळायला हवं. बेतालच्या रकान्यात टाका."

मी टाकलं. माझ्या बोटाने. बाबा शेजारीच उभे होते. त्यांना इंग्रजी कळत नाही, वाचताही येत नाही.

"गेलं का माहं वाजवणं कंपुटरात?"

"गेलं."

वर्षभर ते गावात सांगत राहिले. टपरीवर कोणी छेडायचं, "काय भाऊ, मशीनले नाचवलं का?" बाबा म्हणायचे, "शिकून राह्यली ते माह्यापासून." खरंच शिकत होती. माझ्या बापाला नाकारायला शिकत होती.

गेल्या महिन्यात सर म्हणाले, "बेतालचे नमुने कमी पडतात. तुमच्या वस्तीतले चार-पाच जण आणा." तबलजींकडे हेच सर मिठाई घेऊन जात.

"आणणार नाई."

"का?"

"माह्या बापाचा हात बेताल नाई. खूण खोटी आहे. मी केली."

"अहो, मशीनला जात कळत नाही."

"तिले नाई कळत सर. खुणा आपण करतो."

त्यांच्यासमोरच मी बाबांच्या वाजवण्याचे सगळे तुकडे त्या रकान्यातून काढले. त्यांनी मला उद्यापासून येऊ नका सांगितलं.

घरी जाऊन बाबांना खरं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तवा काऊन नाई सांगितलं?" तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

त्या तुकड्यांच्या प्रती सरांकडे अजून आहेत. प्रकल्पाशी संबंधित प्रत्येकाला मी पत्र लिहितो आहे. शेवटची प्रत पुसली जाईपर्यंत लिहीन. आणि खोटी खूण कोणी केली, तिथे आधी माझं नाव लिहीन, मग सरांचं.