काकूंचं बोट

घोडबंदर रोडवरच्या समुपदेशक मॅडमकडे, बाहेर नंबराची वाट बघताना, त्या काकू मला एकदाच भेटल्या. अपघातानंतर मला रिक्षात बसवत नव्हतं. ईएमडीआर, म्हणजे डोळे फिरवत धक्क्याच्या आठवणी हलक्या करायचा उपचार, आपल्याला झेपेल का, हे विचारायला मी गेलेले. काकूंनी घरात गॅसचा भडका पाहिलेला, त्यांचा तोच उपचार चालू होता.

"तो प्रसंग आठवायचा आणि मॅडमच्या बोटामागे डोळे फिरवायचे," सांगताना त्यांनी स्वतःचं बोट डावीउजवीकडे हलवलं. समोर बसलेल्या दोघांचे डोळेही त्यामागे फिरले. काकू खूश!

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना! पहिल्यांदा मी मध्येच ओरडले, थांबा! त्या लगेच थांबल्या. म्हणून तर परत आले गं."

आत जाताच मी मॅडमना विचारलं, "मी थांबा म्हटलं तर थांबाल?"

"हो. आधी थांबा म्हणायलाच शिकवते," त्या म्हणाल्या.

मी पर्स बाजूला ठेवली आणि नीट टेकून बसले.