एकोणीस नंबर

फोनवरच्या सिस्टरना मी दोनदा सांगितलं की तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. डहाणूच्या दवाखान्यात उजवा हात मोडून आलेली मुलगी आमच्या शाळेची असेलही, पण ती जयवंती नसणार. जयवंती वर्गात आहे. अर्ध्या तासापूर्वी मीच तिची हजेरी घेतली.

सिस्टर थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, मुलगी माझ्यासमोर बसलीय. तिच्या पिशवीतल्या वहीवर तुमच्या शाळेचा नंबर आहे. तुमचं नाव तीच सांगतेय."

मी रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला आणि दहावी अ कडे धावले. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर जयवंतीच्या जागी तिचं दप्तर होतं. दप्तरामागे कोणी नव्हतं. एक्कावन्न मुलं फळ्याकडे बघत होती, आणि फळा कोरा होता.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल. वर्गाच्या हजेरीपटाला आम्ही शिक्षक कॅटलॉग म्हणतो. पहिल्या तासाला तो भरायचा. बावन्न नावं पुकारत बसलं तर गणिताचा तास तिथेच संपतो, म्हणून मी नंबर पुकारते. मान खाली, पेन हातात, "अठरा, एकोणीस, वीस." समोरून "हजर मॅडम" आलं की खूण. तीन मिनिटांत काम फत्ते. सव्वीस वर्षं मी हेच करत आले आणि या झपाट्याचा मला अभिमानही होता. दोनच दिवसांपूर्वी, सव्वीस जानेवारीला, सर्वाधिक उपस्थितीची ढाल सलग दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गाला मिळाली होती. आपल्या भागातली मुलं कामधंद्यामुळे शाळा बुडवतात हा समज या वर्गाने खोटा ठरवला, असं मी माइकवरून ठासून सांगितलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या.

"जयवंती कुठंय?" मी विचारलं.

तिच्या शेजारी बसणारी मनीषा उभी राहिली. "वाडीत, मॅडम. चिकू काढायला."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून. आज धरून एक्केचाळीस दिवस."

मला आधी हसू आलं. खरंच आलं. मग मी खुर्चीवर बसले. एक्केचाळीस दिवस मी जिच्या नावापुढे खूण करत होते ती पोरगी झाडावर होती, आणि हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकोणीस पुकारलं की मनीषा आवाज जरा बारीक करायची. तिचा स्वतःचा नंबर एकतीस. मधे अकरा नंबर जात असल्यामुळे मला संशय येण्याचं कारणच नव्हतं.

ओरडायला तोंड उघडलं, पण आधी दवाखाना गाठायला हवा होता. आशागडच्या रस्त्याने स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही.

जयवंती बाकावर बसली होती, हात कच्च्या प्लास्टरमध्ये. शेजारी तिची आई, डोळे हळदीसारखे पिवळे. वाडीच्या मालकाने टेम्पोतून आणून सोडलं होतं आणि तो निघून गेला होता. आईने जे सांगितलं ते थोडक्यात असं: तिला कावीळ झाली, वाडीतली तिची जागा दुसरीला जाऊ नये म्हणून पोर तिच्याऐवजी जाऊ लागली. आई बरी झाली की ती परत शाळेत येणार होती. कावीळ लांबली. त्या सकाळी फांदी तुटली.

हात दुखतोय का, असं मी जयवंतीला विचारणार होते. तिनेच आधी विचारलं, "मॅडम, माझं नाव कापलं?"

मी नाही म्हटलं. ती भिंतीला टेकली आणि मग रडली.

परीक्षा महिन्यावर आली होती. उजवा हात मोडलेल्या मुलाला बोर्ड लेखनिक देतं. लेखनिक म्हणजे उमेदवार सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा. तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. त्यासाठी शाळेच्या अर्जाबरोबर दवाखान्याचा केसपेपर जोडायचा असतो, आणि आमच्याकडे हजेरीचा उताराही लावतात. केसपेपरवर डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की मुलगी डिसेंबरपासून रोज वाडीत कामाला होती आणि काम करताना पडली. माझ्या कॅटलॉगप्रमाणे ती त्याच वेळी माझ्यासमोर वर्गसमीकरणं सोडवत होती. हे दोन कागद एकाच लिफाफ्यात जाऊ शकत नव्हते.

हेडसरांनी केबिनचं दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कॅटलॉगला हात लावायचा नाही, डॉक्टरांकडून दुसरा केसपेपर आणायचा, त्यात घरी पाय घसरून पडली असं लिहून घ्यायचं.

"खरी हजेरी लावली आणि पंचाहत्तर टक्के भरली नाही तर फॉर्म अडकेल," ते म्हणाले. "पोरीचं वर्ष जाईल आणि तुमच्या सेवापुस्तकात लाल शेरा येईल. कुणाचं भलं होणार, मॅडम?"

म्हणजे लबाडी मुलांनी सुरू केली होती आणि आता आम्ही दोघं मोठी माणसं ती पुढे नेणार होतो. मी एक दिवस मागून घेतला.

वर्गात जाऊन दार लावलं आणि सगळं सांगा म्हटलं. न ओरडता म्हटलं, बहुतेक त्यामुळेच मुलं बोलली. पाचवीपासून या वर्गाचे काही रिवाज होते. कोणी कामाला गेलं की त्याची जागा दप्तर ठेवून राखायची. त्याच्या वह्या बाकीच्यांनी पाळीपाळीने उतरवायच्या. परत येणाऱ्याने वर्गासाठी काहीतरी आणायचं, वाडीतून चिकू, धाकट्या डहाणूहून सुके बोंबील. यातलं थोडंफार मला माहीत होतं, बोंबलांचा वास तर मुद्दाम सांगावा लागत नाही. हजेरी द्यायचा रिवाज मात्र नववीतला होता.

"नववीतच का?" मी विचारलं.

मनीषा म्हणाली, "पारूचं नाव तुमी कापलं ना मॅडम, तवापासून."

पारू. नाव आठवलं. भातलावणीला गेली ती महिना उलटला तरी आली नाही. मी दोन निरोप पाठवले, घरून काही कळवलं नाही म्हणून नाव कमी केलं. चेहरा आठवेना. मी त्या मुलांसमोर उभी राहून आठवायचा प्रयत्न करत होते आणि तो येतच नव्हता.

"ती आली होती," मनीषा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी. ऑफिसात सांगितलं, नाव नाय आता. मग गेली."

मग मनीषाने दप्तरातून एक दोनशेपानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. उभ्या-आडव्या रेघा, नावं, तारखा. जो खरंच आला त्याच्यापुढे बरोबरची खूण, जो नाही आला त्याच्यापुढे टिंब. त्याच्या जागी कोणी आवाज द्यायचा ते कडेला. लागोपाठच्या दोन नंबरांना एकच आवाज येऊ नये अशी सूचना पहिल्या पानावर. मी आयुष्यात इतका नीट ठेवलेला हजेरीपट पाहिला नाही. खरा कॅटलॉग यांच्याकडे होता, शाळेच्या शिक्क्याचा होता तो सगळा बनाव.

त्या वहीवरून मी घरी बसून हिशेब मांडला. जूनपासून शाळा भरली एकशे पासष्ट दिवस. जयवंतीची टिंबं एक्केचाळीस. गणिताची बाई असूनही भागाकार तीनदा केला. पंचाहत्तर टक्के, आणि वर थोडंसं. बाकीच्या मुलांचीही टिंबं मोजली, त्यांची हजेरी याहून बरीच जास्त निघाली. म्हणजे एकाही मुलासाठी एकदाही खोटं बोलायची गरज नव्हती. टक्केवारी वर्षभराची धरतात, आणि घरून कारणाची चिठ्ठी आली तर नाव कापत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वही हेडसरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ चाळली. केसपेपर बदलायचा विषय पुन्हा निघाला नाही. कॅटलॉगमधल्या नोंदी मी लाल शाईने दुरुस्त केल्या, प्रत्येकीवर सही केली. ढाल परत गेली. मला ज्ञापन मिळालं, म्हणजे चुकीबद्दल लेखी जाब विचारणारं पत्र, आणि सेवापुस्तकात शेराही आला. नववीतली एक मुलगी लेखनिक म्हणून मिळाली. जयवंती अठ्ठावन्न टक्क्यांनी पास झाली. गणितात काठावर, तो दोष माझा.

आता मी हजेरी नावाने घेते आणि मान वर करून घेते. आठ मिनिटं लागतात. नव्या शिक्षकांना मी एवढंच सांगते की हजेरी कानाने घेऊ नका.

पण नोंदी दुरुस्त करताना त्या वहीत एक नाव असं सापडलं, ज्याला नंबर नव्हता. बावन्न नावं संपल्यावर, शेवटच्या ओळीत, पारू. तिच्यापुढे रोज एक टिंब, नववीतल्या त्या ऑगस्टपासून आदल्या दिवसापर्यंत. एकही दिवस चुकवलेला नव्हता.

ज्ञापनाच्या उत्तरात मी माझ्या सगळ्या चुका ओळीने लिहिल्या. पारूचं काही लिहिता आलं नाही. तिचं नाव मी पूर्णपणे नियमाने कापलं होतं.