काठीमागचे पाय

शुभांगीला आधी तिचे बूट दिसले. पंचवटीतल्या घराच्या दारात मुलींच्या चपलांचा ढीग पडलेला, आणि बाजूला हे डोंगर चढायचे भले मोठे बूट, नीट जोडीने लावलेले. आत हॉलमध्ये एक उंच, गोरी मुलगी आठ-आठ वर्षांच्या पोरींच्या रांगेत गुडघे वाकवून उभी होती. शुभांगीच्या सासूबाई, कुमुदबाई, लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल देत भरतनाट्यम शिकवत होत्या.

"चेक देशातली आहे. इवेता," त्या जेवताना म्हणाल्या.

"गणपतीपर्यंत टिकली तरी खूप," शुभांगी म्हणाली.

गणपती गेले, वर्षंही गेली. इवेताने गल्लीतच दोन खोल्या घेतल्या. ती शुभांगीला वहिनी म्हणू लागली, भाजीवाल्या चिमणाबाईशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालू लागली. परत कधी जाणार, असं कोणी विचारलं की म्हणायची, "अजून शिकतेय." त्याच हॉलमध्ये तिचे केस पिकायला लागले.

मग कुमुदबाईंना कंपवात जडला, हात कापू लागला.

त्याच हिवाळ्यात इवेताचा एकटीचा कार्यक्रम ठरला. पुण्याच्या एका महोत्सवाचे आयोजक तिला बघायला येणार होते. या संधीची तिने किती वाट पाहिली होती, हे शुभांगीला ठाऊक होतं. रंगमंचावर गुरू झांजांवर ताल धरतात.

"मोठ्या मुलींपैकी कोणी धरेल झांजा. आईंना मी समजावते," शुभांगी म्हणाली.

"बाई असताना?" इवेताने एवढंच विचारलं.

पहिला अर्धा तास सुरळीत गेला. मग लय वाढली आणि कुमुदबाईंचा हात मागे पडू लागला. झांज उशिरा वाजली. इवेताचा पायही उशिरा पडला, नेमका झांजेवर. पुन्हा झांज अडखळली, पायही अडखळला. साथीला बसलेल्या सुनीलचा मृदंग एकटाच पुढे गेला. त्याने चमकून इवेताकडे पाहिलं, मग बाईंच्या हाताकडे, आणि मान खाली घालून तोही मागे आला. तो कापरा हात पुढच्या क्षणी कुठे पडेल हे खुद्द कुमुदबाईंना ठाऊक नव्हतं. इवेताच्या पायांना मात्र ठाऊक होतं. शुभांगी टाळ्या वाजवायचंही विसरली.

"भाव सुरेख," आयोजक नंतर म्हणाले. "लयीला मात्र जरा कच्च्या. बाहेरच्यांना ते अवघडच जातं."

कुमुदबाई काही बोलणार, तोच इवेता म्हणाली, "हो. अजून शिकतेय."



"मला मागे सोडायचंस," परतताना रिक्षात कुमुदबाई म्हणाल्या.

"तशी सवय नाही, बाई."

"हं. उद्या सहाला ये."

पुण्याचं बोलावणं आलं नाही. आता सकाळी सहाला लहान मुलींचा वर्ग इवेता घेते. काठी कुमुदबाईंच्या हातात असते.