पुंजाजीच्या माळेहून गोड

संग्रामपूर तालुक्यातल्या त्या गावात आता नावाला दोनच देखण्या बैलजोड्या उरल्या होत्या. एक उकंडरावांची, दुसरी शेजारच्या पुंजाजीची. बाकी सगळे ट्रॅक्टरवाले. त्यामुळे पोळ्याच्या तोरणाखाली गावाची नजर या दोन जोड्यांवरच फिरायची.

मागच्या पोळ्याला पुंजाजीने आपल्या बैलांना जुन्या पितळी घागरमाळा, म्हणजे मोठ्या घुंगरांच्या माळा, गळ्यात घातल्या. बैल चालू लागले आणि बोलता बोलता माणसं थांबली. "बऱ्हाणपूरच्या जुन्या बाजारातल्या हायेत," पुंजाजी सहज बोलला. त्या सहज बोलण्यानेच उकंडरावांचा जळफळाट झाला. मग वर्षभर पुंजाजी बैल पाण्यावर नेताना माळा घालायचा. आपल्याला ऐकवायलाच घालतो, असं उकंडरावांना वाटे. जेवताना आवाज आला की त्यांचा घास तोंडातच फिरत राही.

शेवटी पोळा जवळ आला तसे ते एसटीत बसले आणि बऱ्हाणपुरात उतरले.

जुन्या दरवाज्याच्या सावलीत बाजार पसरला होता. किल्ल्या हरवलेली कुलुपं, काटे नसलेली घड्याळं, काच फुटलेले कंदील, कोणाच्या तरी घरातल्या समया. उकंडरावांनी कशाकडे पाहिलं नाही. ते कानांनी बाजार करत होते. जिथे पितळ वाजेल तिथे बसायचं, माळ उचलायची, डोळे मिटून हलवायची. एक माळ बसकी वाजली. एक नुसतीच खणखणली. दुकानदार हसायला लागले.

"बाबा, खरेदी करोगे या भजन?" एकाने विचारलं.

"आयकू दे बे," उकंडराव म्हणाले.

उन्हं कलता कलता एका म्हाताऱ्याने पोत्याखालून दोन माळा काढल्या. उकंडरावांनी त्या हलवल्या आणि डोळे उघडायलाच विसरले. लांबून, ओल्या रानावरून यावा तसा आवाज होता. पुंजाजीची माळ याच्यापुढे ताट आपटल्यासारखी. भाव न करता त्यांनी त्या घेतल्या.

घरी येऊन त्यांनी आवाज होऊ नये म्हणून घुंगराघुंगरात चिंध्या कोंबल्या आणि माळा गव्हाच्या कोठीत पुरल्या.

"एकदा बैलाईले घालून तं पाहा," त्यांची बायको पुष्पाबाई म्हणाल्या.

"चूप राह्य. पुंजाजीच्या कानावर गेलं तं मजा काय राह्यली?"

पोळ्याला झुली चढल्या, बाशिंगं बांधली, आणि तोरणाजवळ आल्यावरच उकंडरावांनी माळा काढल्या, त्यांतल्या चिंध्या उपसल्या आणि बैलांना घातल्या. माळ वाजली. कवड्या बैलाचे कान ताठ झाले. हा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता, आणि तो त्याच्याच गळ्यातून येत होता. त्याने चारही पाय रोवले. दुसरा बैल, चांद्या, मागे सरू लागला. उकंडरावांनी चुचकारलं, पाठ थोपटली, कासरा ओढला. जितकं ओढावं तितकी माळ वाजे, अन् बैल तितकाच बुजे.

"उकंडराव, पोळा उद्या हाये का तुमचा?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

पुंजाजीची जोडी झुलत तोरणाखालून पुढे गेली. उकंडरावांनी सगळ्या गावादेखत माळा सोडल्या, खांद्यावर टाकल्या आणि बोडक्या गळ्याचे बैल गर्दीच्या मागून नेले.

संध्याकाळी बैल दारोदार फिरतात. पुंजाजी जोडी घेऊन त्यांच्याही दाराशी आला. पुष्पाबाईंनी बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. उकंडराव ओट्यावर मान खाली घालून बसले होते. माळा बाजूलाच पडल्या होत्या.

पुंजाजी टोमणा मारायला वाकला असावा. जाता जाता त्याने एक माळ उचलली, हलवली. पुन्हा हलवली. मग कानाजवळ नेली, आणि त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "तुमचे बैल तं हिले बुजतेत. मले देऊन टाका ना. माह्या दोन्ही माळा घ्या बदल्यात."

उकंडरावांनी मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदाच.

"नाही बा."

"काऊन? पडूनच राह्यतीन ना?"

"पडू दे."

पुंजाजीच्या हातून त्यांनी माळ काढून घेतली. तो बैल वळवून निघाला, तरी मागे पाहतच होता. तो कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत उकंडराव थांबले. मग त्याला ऐकू जाईल इतकीच माळ त्यांनी हलवली.