डावीकडे न वळणारी जीप

आमच्या थोरलीचं लग्न मी जमवलं, आणि ते मोडायची चोख व्यवस्थाही मीच, आदल्या दिवशी गॅरेजात उभी राहून, केली.

तेव्हा मी पन्नाशीच्या आत होते, म्हणजे अक्कल यायला अवकाश होता. (नातवंडं म्हणतात, अजून आहे.) तासगावचे द्राक्षबागाईतदार नवरा-बायको आपल्या मुलासाठी मुलगी बघायला कोरेगावजवळ आमच्या मळ्यात येणार होते. फाट्यापासून पुढचा रस्ता खड्ड्यांचा, त्यांची गाडी फाट्यावरच थांबणार. तिथून आणायला आमची जुनी जीप. हे फौजेत, सरहद्दीवर; जीप माझ्या ताब्यात! त्यात जाऊबाईंनी नुकतीच हत्तीएवढी उंच गाडी घेतलेली. आमची बुटकी दिसून कसं चालेल?

बबन मिस्त्रीला म्हटलं, "जीप उंच कर. पाव्हण्यांस्नी ऊस वरनं दिसाय पायजे."

"करतो की काकी. पन मग स्टेअरिंगचा रॉडबी बदलाय लागंल. दोन दिस द्या."

"पाव्हणं उद्या येत्यात! रॉड कोन वाकून बघनार हाय? तू उंची कर!"

उंचीसाठी स्प्रिंगचे नवे पाटे मिळेनात, तर मी ऊसवाहतुकीच्या मोडक्या ट्रॉलीचे काढून दिले.

"काकी, ह्यो पाटा धा टन उसाचा हाय!"

"मग मजबूत हाय की!"

संध्याकाळी जीप उंटासारखी उभी राहिली. मी ऐटीत एक फेरी मारली. उजवीकडं झकास वळली. डावीकडं मात्र स्टेअरिंग वीतभर फिरलं आणि जे अडलं ते अडलंच!

"म्हनून तर रॉडचं म्हनत हुतो," बबन म्हणाला.

"फाट्यापासनं डावी वळणं किती?"

"येकच. विहिरीपाशी."

"येकानं काय हुतंय!"

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईंना जीपमध्ये चढता येईना. शेवटी त्यांनी आमच्यासाठी आणलेलं द्राक्षांचं क्रेट रिकामं करून उपडं घातलं, त्यावर त्या चढल्या. (द्राक्षं त्यांच्या यजमानांच्या उपरण्यात.) दहा टनांचे पाटे तीन माणसांना काय दाद देणार! प्रत्येक खड्ड्याला आम्ही सगळे हवेत, द्राक्षं आमच्याही वर.

"आवं ताई, जरा सावकाश!"

"सावकाशच हाय की!"

विहीर आली. डावीकडं वळता येईना. पण तीनदा उजवीकडं वळलं की तोंड डावीकडंच होतं, हे गणित मला वेळेवर सुचलं! बांधाबांधानं फेरी मारून परत विहिरीशी आले.

"ही पन विहीर तुमचीच?" मुलाच्या आईंनी विचारलं.

आता खरं सांगायचं, तर जीपचंही सांगावं लागणार. मी म्हटलं, "व्हय!" (खोटं कुठं होतं?)

तेवढ्यात समोरून उसाची बैलगाडी आडवी आली. पुन्हा उजवीकडं, पुन्हा फेरी, पुन्हा विहीर.

"तिसरी विहीर!" पाहुणे बायकोच्या कानात म्हणाले. "लय मोठं घरानं दिसतंय."

माझी मान ताठ झाली. नेमके तेव्हाच विहिरीच्या कट्ट्यावर बसलेले म्हातारे आबा ओरडले, "काय वैनी, सकाळधरनं विहिरीला परदक्षिना घालताय व्हय?"

मी घाईघाईनं गिअर टाकला, आणखी फेरी नको म्हणून स्टेअरिंग डावीकडं जीव खाऊन ओढलं, ते हातातून सुटून गर्रकन उलटं फिरलं, आणि जीप माझं न ऐकता उजवीकडं उसात शिरली ती पार बॉनेट बुडेपर्यंत! पाहुण्यांना ऊस वरून दाखवायचा होता, तो आतून दाखवला.

आवाज ऐकून थोरली घरातून पदर खोचून धावत आली. कांदापोह्यांचा ट्रे घेऊन लाजत यायची ती पोरगी ऊस मोडत आली, होणाऱ्या सासूला कमरेला धरून अलगद खाली उतरवलं, केसातली पाचट काढली, वर मला म्हणाली, "आई, तू इंजिन बंद कर आन् कशालाबी हात लावू नगंस."

पोहे खाऊन झाले. मी चौथ्यांदा चहा विचारला. स्थळ गेलं, हे मला कळून चुकलं होतं. यांना सरहद्दीवर फोन करून काय सांगायचं, तेच जुळवत होते.

मुलाच्या आईंनी बशी खाली ठेवली, दातात अडकलेला पाचटीचा तुकडा काढला आणि म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय, विहीणबाई. फकस्त गाडी चालवाय ती तुमच्याकडनं शिकली नसंल, तर सुपारी आत्ताच फोडू."