गाण्याखालचा आवाज

मालक वारल्यावर खुरपं आन् एक म्हस, येवढ्यावर म्या लेकीला बारावी केली आन् नर्सिंगला घातली. म्या सोता दुसरीपातूर शिकलेली. तिचं एक वरीस झालं, दोन ऱ्हायली, तवर सांगवीचं स्थळ आलं. पोरगं बरं हुतं. म्या एकच गोष्ट मागितली, पोरगी कोर्स पुरा करणार. इवाई, म्हंजी तिचा हुणारा सासरा, एमआयडीसीत कामाला हुता. त्यो म्हनला, व्हय.

लगीन आमच्या गावात, इंदापूरकडं झालं. बुद्धवंदना झाली, पंचशील झालं, हार घातलं आन् मग भाषणं. आमच्याकडं लग्नात भाषणं लई. ज्याला माइक गावला त्यो सोडत न्हाय. इवाईबी बोलला. सगळ्यांपुढं म्हनला, सून शिकंल. तवा माझ्या काळजावरचा धोंडा उतरला.

शूटिंग बारामतीच्या एका दुकानदारानं केलेलं. पंधरा दिसांनी त्यानं कॅशेट बघून पास करायला बोलावलं. बघती तर भाषणाच्या मागं जनरेटर धडधडतोय आन् माझा धाकला दीर वाढप्यावर वरडतोय, बुंदी संपली म्हनून. वाढपी म्हनतोय, मग काय माझ्या घरनं आनू का. हे सांगवीला जायाचं, आन् तितं समदी बसून ऐकनार. मला लाज वाटली.

म्या म्हनलं, "ही कलकल काढा. गाणी घाला."

"मावशी, भाषणंबी जातील."

"जाऊ द्या. भाषणं कोण ऐकतंय."

त्यानं गाणी घातली. कॅशेट गोड झाली. सांगवीला तीन डाव लावली म्हनं.

मग कोर्सचं पत्र आलं. सुट्टी संपल्यावर हजर न्हाय झालं तर नाव कटनार. लेक सामान भराय लागली, तर सासू म्हनली, घरातलं कोण बघनार. म्या सांगवीला गेले. इवायाला त्यानं माइकवर दिलेला सबूद याद करून दिला. त्यो शांतपणी म्हनला, "म्या आसं कवा बोललो? बघू, म्हनलो आसंन." लबाडीनं बोलला का खरंच इसारला, मला अजूनबी ठावं न्हाय. त्याच्याकडच्यांनी माना खाली घातल्या. माझ्या दिराला इचारलं तर त्यो म्हनला, वैनी, मी बुंदीच्या मागं हुतो, मी काय ऐकलं.

दुसऱ्या दिशी बारामतीला गेले. दुकानदाराला म्हनलं, मला मूळ आवाज पायजे. त्यो म्हनला, मूळ कॅशेटवर दोन लग्नं भरून झाली. कॅशेटी म्हाग, एकच कॅशेट आमी पुन्यांदा वापरतो. तरीबी म्या संगं नेलेली आमच्या घरची कॅशेट त्यानं लावून दावली. इवाई माइक धरून तोंड हलवतोय आन् वर गाणं चाललंय. तोंड बघून काय कळतंय. त्यो हासतोय येवढंच दिसलं.

रडून काय हुनार. म्या टीव्हीम्होरं बसून ऱ्हायले. आन् मला एक गोष्ट कळंना. म्या इचारलं, "दादा, आवाज पुसला तर चित्र का न्हाय पुसलं? दोनी एकाच फितीवर हायत ना?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं एक जुनी तुटकी कॅशेट आनली आन् झाकन उचलून फीत वढून दावली. बोटायेवढी रुंद, काळी, चकचकीत. चित्र सगळ्या मधल्या भागात आसतं, त्यो म्हनला, आन् आवाज ह्या काठाला, दोऱ्यासारखा बारीक. गाणी घालताना त्यो काठच नवा भरतो.

मला लगेच समजलं. लुगड्याचा काठ इरला की आमी उसवून दुसरा लावतो, मधलं लुगडं तसंच ऱ्हातं. म्या तसं म्हनलं. त्यो हासला आन् मधीच मशीनीकडं वळला. मग सोताशीच म्हनला, ही मशीन तर नवी हाय.

आमची कॅशेट भरली ती मशीन त्यानं त्याच साली घेतलेली. तिच्यात आवाज दोन जागी भरतो म्हनं. एक काठाला, एक चित्राच्या खाली. गाणं घातलं ते काठाला. खालच्याला हात लागलाच न्हाय. घरच्या साध्या मशीनीला खालचा ऐकू येत न्हाय, आन् दुकानात त्याला ऐकायची कवा गरजच पडली न्हवती. त्यानं बटन फिरवलं.

गाणं गेलं. जनरेटर धडधडाय लागला.

मग एका बाईचा आवाज आला, कोरडा, घोगरा. "पावनं, पोरीच्या शिक्षणाचं तेवढं माइकवर सांगा." म्या इचारलं, ही कोण? दुकानदारानं माझ्याकडं बोट केलं. ती मी हुते. पन्नाशीला आले तरी माझा आवाज म्या कवा ऐकला न्हवता. मला वाटायचं माझा आवाज बारीक हाय.

आन् मग इवाई: "माझी सून नर्सिंग पुरं करील. सबूद हाय माझा." टाळ्या. मागनं दीर वरडला, बुंदी संपली.

दुकानदार म्हनला, ह्याची कॅशेट करून देतो, सांगवीला लावा चारचौघांत. म्या नको म्हनलं. चारचौघांत त्याची मान खाली गेली आसती आन् त्याचं भोगनं पोरीच्या वाट्याला आलं आसतं. म्या इवायाला निरोप धाडला, बाजारच्या दिशी दुकानावर या, एकलंच या.

त्यो आला. जयभीम घातला, खुर्चीवर बसला. दुकानदारानं कॅशेट लावली, आधी गाणं, मग बटन फिरवलं. इवाई म्होरं वाकला. पुन्यांदा लावायला सांगितलं. मग सोता उठला आन् बटनाला हात घातला. गाणं. आवाज. गाणं. आवाज. पाच-सा डाव केलं. मला वाटलं आता चिडतोय.

त्यानं इचारलं, "इहीणबाई, हे खाली कसं काय ऱ्हायलं?"

म्या त्याला काठाचं सांगितलं. त्यानं मान हलवली आन् सगळं भाषण बसून ऐकलं, पार शेवटपातूर. उठताना येवढंच म्हनला, "आवाज माझाच हाय. सोमवारी मीच सोडतो तिला."

सोमवारी म्या बारामतीच्या स्टँडवर गेले. त्यानं लेकीची ट्रंक सोताच्या हातानं येष्टीत चढवली आन् कंडक्टरला सांगितलं, सून नर्सिंगला हाय, नीट उतरवा. येवढ्या मोठ्यानं सांगितलं की मागच्या शीटवरल्या बायाबी वळून बघाय लागल्या.